सोबतीचा प्रवास : खराडी ते तंजावर

दक्षिणेची यात्रा मराठी कुटुंबांना नवी नाही. रामेश्वराची वाळू प्रयागच्या संगमात सोडायची आणि गंगेचे पाणी रामेश्वराला वाहायचे, हा परिपाठ पिढ्यानपिढ्या चालत आला. ती यात्रा बहुधा उतारवयात होई. संसाराच्या जबाबदाऱ्या हातावेगळ्या झाल्यावर माणसे निघत, वाटेत आजारी पडत, धर्मशाळेत चार दिवस पडून राहत आणि अंगात बळ आले की पुन्हा चालू लागत. वाटेत आजारपण येणार हे निघणाऱ्यांनी आणि निरोप देणाऱ्यांनीही गृहीत धरलेले असे.

आता पुण्याहून चेन्नईला विमानाने दोन तासांच्या आत पोहोचता येते. रस्ते चांगले झाले, निवासाची सोय घरबसल्या ठरवता येते. तरीही ज्या घरात दीर्घ आजाराचे माणूस आहे, तिथे दोघांचे फिरणे एकदमच थांबते : आजारी माणसाचे आणि त्याची काळजी घेणाऱ्याचे. पहिल्याचे थांबणे सर्वांच्या लक्षात येते. दुसऱ्याचे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्या खराडीतील मित्रमंडळींनी यंदाच्या जानेवारीत तमिळनाडूचा आठ दिवसांचा जो प्रवास केला, तो या दुसऱ्या माणसासाठी ठरवलेला होता. वाटेत जे पाहिले, जे शिकलो, ते अशाच घरांतील वाचकांना उपयोगी पडेल असे वाटते.

खराडीतला आमचा कट्टा

खराडी हे मुळा-मुठेच्या काठचे जुने गाव. नगर रस्त्याच्या कडेला जिथे शेते होती, तिथे आता काचेचे उंच मनोरे उभे आहेत आणि त्यांत देशभरातून आलेली तरुण मुले काम करतात. त्यांच्यामागोमाग त्यांचे आईवडीलही आले. कोणी सोलापूरहून, कोणी नांदेडहून, कोणी कोकणातले घर बंद करून. आमच्या सोसायटीच्या आवारात सकाळी सहाला फेऱ्या मारणारे आम्ही सात जण असेच जमलो. वये चौसष्ट ते सत्याहत्तर. कोणाला मधुमेह, कोणाचे गुडघे दुखणारे, एकाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट. आमच्यात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत आयुष्य घालवलेले एक गृहस्थ आहेत, आणि रुग्णालयात तीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केलेल्या एक ताई आहेत.

आमच्यातले अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे. कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढण्यात त्यांची हयात गेली. सहा वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सनचे निदान झाले. हाताचा कंप औषधाने आटोक्यात आहे; मात्र चाल मंदावली आहे, आवाज क्षीण झाला आहे आणि कधी कधी चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. वहिनी सत्तर वर्षांच्या. गोळ्यांच्या वेळा, रात्री कूस बदलायला मदत, अंघोळ, व्यायाम हे सगळे त्या एकट्या पाहतात. मुलगा-सून प्रेमळ आहेत, पण दोघेही दिवसभर कामावर. गेल्या चार वर्षांत वहिनी एका लग्नालाही मुक्कामाला गेल्या नव्हत्या. सकाळच्या फेरीतही त्यांचे लक्ष सारखे आपल्या खिडकीकडे असे.

तंजावरला जायचे ठरले तेव्हा वहिनींनी लगेच सांगून टाकले, “तुम्ही जाऊन या, मला फोटो दाखवा.” त्यावर परिचारिका ताई म्हणाल्या, “तुम्ही दोघं येणार असाल तरच जायचं. अण्णांना आपण वाटून घेऊ.” शब्द थोडे रोखठोक होते, पण योजना त्यातूनच निघाली.

आधी वेळापत्रक, मग तिकिटे

मुलाची काळजी रास्त होती. परक्या मुलखात वडील पडले तर काय, ही भीती त्याला होती. म्हणून प्रथम अण्णांच्या मेंदुविकारतज्ज्ञांना विचारले. त्यांनी प्रवासाला हरकत घेतली नाही, मात्र एक गोष्ट बजावली : औषधाची वेळ प्रवासाप्रमाणे हलवायची नाही, प्रवास औषधाच्या वेळेप्रमाणे आखायचा. पार्किन्सनच्या लेव्होडोपा या औषधाचा अंमल उतरू लागला की हालचाल मंदावते. म्हणून चालण्याचे सगळे कार्यक्रम अंमल चांगला असतानाच ठेवायचे.

मग आम्ही तीन नियम केले. एका दिवसात साधारण चार तासांहून अधिक मोटारप्रवास नाही. दुपारी साडेबारा ते चार विश्रांती. तिकडची बहुतेक मंदिरे तेव्हा बंदच असतात, त्यामुळे यात काही गमवावे लागत नाही. आणि तिसरा नियम पाळीचा : रोज आमच्यापैकी एकाने अडीच तास अण्णांसोबत राहायचे, त्या वेळात वहिनी मोकळ्या. त्यांनी कुठे जायचे, काय करायचे, हे कोणी विचारायचे नाही.

ऋतूची निवडही महत्त्वाची. आपल्याकडचा पाऊस सप्टेंबरअखेर ओसरतो, पण तमिळनाडूच्या किनारपट्टीला ईशान्य मोसमी वारे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात भरपूर पाऊस देतात. आमच्या इमारतीत मुलीकडे राहणाऱ्या एक तमिळ आजी आहेत. त्यांनी आम्हांला नोव्हेंबरपासून परावृत्त केले आणि पोंगलची गर्दी ओसरल्यावर, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जा, असे सुचवले. सल्ला अचूक ठरला. दिवसा हवा सुखद होती आणि पहाटे पातळ शाल पुरत होती.

लोहगावचा विमानतळ खराडीपासून जवळ. तिकिटे काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवली होती. खुर्ची समोर येताच अण्णांचा चेहरा उतरला. “मी अजून चालतो,” ते हळू आवाजात म्हणाले. बँकवाले गृहस्थ त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, “चालायचं तंजावरला. इथं रांगेत ताकद कशाला घालवायची?” अण्णा बसले. शक्ती जपून ठेवायची आणि मनाजोग्या ठिकाणी खर्च करायची, हे सूत्र आम्ही सर्वांनीच पुढे आठ दिवस वापरले.

जिंजी : पायथ्याचा गड

चेन्नईला एक रात्र विश्रांती घेऊन दुसऱ्या दिवशी तिंडिवनममार्गे जिंजीला गेलो. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७७ च्या दक्षिण मोहिमेत हा किल्ला घेतला. पुढे १६८९ मध्ये राजाराम महाराज रायगडाहून निसटून इथे आले आणि मराठ्यांची राजधानी काही वर्षे इथेच राहिली. मोगलांचा वेढा दीर्घकाळ चालला. १६९८ मध्ये किल्ला पडला, पण त्याआधीच महाराज सुखरूप बाहेर पडले होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समूह जागतिक वारसा म्हणून नोंदवला, त्यात महाराष्ट्राबाहेरचा हा एकच किल्ला आहे.

राजगिरी चढणे आमच्या आवाक्यातले नव्हते. पण जिंजीचे वैशिष्ट्य असे की पायथ्याशीही पुष्कळ पाहण्यासारखे आहे : मजल्यावर मजले रचलेला कल्याण महाल, प्रचंड धान्यकोठारे, तट, खंदक. गडाच्या माथ्याकडे पाहत सावलीत बसलो. शिक्षक मित्रांनी वेढ्याची हकीकत सांगितली. अण्णा मात्र कोठाराच्या कमानीकडे टक लावून पाहत होते. वजन कुठे उतरले आहे, ते त्यांनी बोटाने हवेत रेघा मारून मला दाखवले. त्या रेघांत त्यांचा कंप फारसा जाणवला नाही. आवडीच्या विषयात मन गुंतले की माणूस आपल्या आजारापासून घटकाभर दूर जातो. डॉक्टरांच्या चिठ्ठीत हे औषध लिहिलेले नसते.

त्या रात्री विळुप्पुरमला मुक्काम करून तिसऱ्या दिवशी दुपारी तंजावर गाठले. गाडी दर तासाला थांबवत होतो. पाय मोकळे करणे, घोटे फिरवणे, पाणी पिणे हे सर्वांनाच सक्तीचे होते. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी टाळण्याची सवय आपल्या पिढीतील स्त्रियांना विशेष असते. प्रवासात तीच चक्कर, बद्धकोष्ठ आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाला निमंत्रण देते.

मोठे मंदिर आणि भिंतीवरची मराठी

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केले. मुख्य शिखराची उंची दोनशे फुटांहून अधिक. आकडा कागदावर वाचताना काही वाटत नाही. अंगणात उभे राहून मान वर करावी लागते तेव्हा वाटते. ज्यांना मान मागे टाकल्यावर चक्कर येते त्यांनी तो मोह टाळून थोडे दूर, नंदीमंडपाच्या बाजूला बसावे. तिथून शिखर सरळ नजरेने दिसते.

आम्ही सायंकाळी चारनंतर गेलो. मंदिरात अनवाणी जावे लागते आणि दुपारी दगडी फरशी चांगलीच तापते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना चटका बसल्याचे कळत नाही, फोड आल्यावर कळते. म्हणून सकाळी लवकर किंवा सायंकाळी जावे, जाड सुती मोजे घालावेत आणि परतल्यावर तळपाय नीट तपासावेत.

पहिले गोपुर अण्णांनी सहज ओलांडले. दुसऱ्या गोपुरात, अरुंद वाटेत, मागून शाळेच्या सहलीची मुले आली आणि अण्णांचे पाय थांबले. पुढचे पाऊल उचलेना. पार्किन्सनमध्ये दरवाजा, गर्दी आणि वळण या तिन्ही ठिकाणी असे होण्याचा संभव अधिक असतो. मागचे लोक ताटकळले. वहिनींचा चेहरा पांढरा पडला. त्या अण्णांचा हात धरून ओढू लागल्या. अशा वेळी ओढणे धोक्याचे असते, कारण धड पुढे येते आणि पाय मागेच राहतात. त्या दिवशी पाळी ताईंची होती. त्यांनी वहिनींचा हात हलकेच सोडवला, मुलांना बाजूने जायची खूण केली आणि अण्णांना म्हणाल्या, “घाई नाही. आधी नीट उभे राहा. आता वजन डाव्या पायावर. समोर दोन दगडांच्या मधली रेघ दिसते? ती ओलांडा.” अण्णांनी खाली पाहिले. क्षणभर काही झाले नाही. मग उजवा पाय उचलला गेला, रेघेपलीकडे टेकला, पाठोपाठ डावा. पुढच्या दगडाची रेघ, पुन्हा तसेच. एक हजार वर्षांपूर्वी बसवलेल्या दगडांच्या सांध्यांनी त्यांना अंगणात आणून सोडले.

डोळ्यांसमोर आडवी रेघ आली की थिजलेले पाऊल सुटते, हे फिजिओथेरपीमध्ये नेहमी वापरले जाणारे तंत्र आहे. काही जण घरात जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवतात. तालाचाही असाच उपयोग होतो. एक-दोन, एक-दोन असे मोजणे किंवा टाळी देणे पुरते. प्रत्येकाला यातले काय लागू पडेल ते आपल्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे आणि घरातील एकाऐवजी दोघा-तिघांनी शिकावे. त्या सायंकाळी ते वहिनींखेरीज आणखी एकाला ठाऊक होते, म्हणूनच निभावले.

अंगणात आल्यावर ताईंनी वहिनींना सांगितले, “आता दोन तास तुम्ही आमच्यात नाही.” वहिनी निघाल्या खऱ्या, पण चार पावलांवर वळून पाहिले. मग पुन्हा पाहिले. तिसऱ्यांदा वळल्या नाहीत.

मंदिराच्या प्राकाराच्या भिंतीवर देवनागरी लिपीत एक प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे यांनी १८०३ मध्ये तो कोरवून घेतला. भोसले घराण्याचा इतिहास त्यात सांगितलेला आहे आणि देशातील सर्वांत लांब शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. चोळ राजांचे तमिळ लेख असलेल्या त्या वास्तूत आपली अक्षरे दिसली की मराठी माणूस थबकतोच. आम्ही नंतर तिथे पोहोचलो तेव्हा वहिनी भिंतीशी उभ्या होत्या आणि एकेक अक्षर लावत होत्या. भाषा जुनी, अक्षरे काही ठिकाणी झिजलेली. “किती वाचून झालं?” मी विचारले. “फार नाही,” त्या म्हणाल्या, “पण मधे कोणी हाक मारली नाही.”

धन्वंतरी महाल

चौथा दिवस राजवाड्याचा. तंजावरचे मराठी राज्य शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापिले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. सरफोजी राजे (१७७७-१८३२) यांच्या हाती प्रत्यक्ष सत्ता फारशी नव्हती. कारभार ईस्ट इंडिया कंपनीने घेतला होता. त्यांनी आपले लक्ष ग्रंथ, शिक्षण आणि वैद्यक यांकडे वळवले. सरस्वती महाल ग्रंथालयात तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी हस्तलिखितांचा आणि मोडी कागदांचा जो संग्रह आज आहे, त्याच्या समृद्धीचे मोठे श्रेय त्यांचे. इसापच्या गोष्टींचे मराठी रूप असलेली ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ मध्ये त्यांच्याच छापखान्यात छापली गेली.

आरोग्याशी संबंधित वाचकांना इथली एक गोष्ट विशेष वाटेल. सरफोजींनी ‘धन्वंतरी महाल’ या नावाने औषधशाळा आणि वैद्यकीय अभ्यासाचे केंद्र चालवले. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक यांचे जाणकार तिथे एकत्र काम करीत. वनस्पतींची चित्रे काढून घेतली जात, माणसांसाठी तशीच जनावरांसाठीही औषधे बनवली जात. अनुभवाला उतरलेले उपचार तमिळ पद्यात गुंफून ठेवले गेले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने त्यांचे खंड पुढे ग्रंथालयाने प्रसिद्ध केले. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी, रोगट डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, आजही जपलेल्या आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा त्यांत समावेश आहे आणि राजे स्वतः या कामात सहभागी असत.

आमच्यापैकी पाच जणांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. दोनशे वर्षांपूर्वी, भूल आणि जंतुनाशकांचा शोध लागण्याआधी, एका मराठी राजाच्या पदरी कोणी तरी अशाच अंधूक डोळ्यांनी बसले होते आणि त्याची अवस्था काळजीने कागदावर उतरवली जात होती, हा विचार मनातून जाईना. परिचारिका ताईंना त्यात वेगळेच दिसले. “नोंद ठेवणं हीच निम्मी शुश्रूषा,” त्या म्हणाल्या. वहिनींनी त्याच दिवशी एक छोटी वही विकत घेतली. गोळी किती वाजता घेतली, चाल कधी चांगली होती, कधी अडली, झोप कशी लागली, हे त्यात त्या लिहू लागल्या. परत आल्यावर ती वही डॉक्टरांना दाखवली तेव्हा गोळ्यांच्या वेळा ठरवायला तिचा चांगला उपयोग झाला.

जुने वैद्यक कुतूहलाने पाहावे. त्यातील उपचार स्वतःवर करून पाहू नयेत, हे मात्र आवर्जून सांगायला हवे. बाजारात ‘राजवैद्यांचे’ म्हणून मिळणारी चूर्णे चालू औषधांना मारक ठरू शकतात.

ओरत्तनाडूचे छत्र

पाचव्या दिवशी तंजावरच्या दक्षिणेला तासाभराच्या आत असलेल्या ओरत्तनाडूला गेलो. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या मराठी राजांनी यात्रेकरूंसाठी ठिकठिकाणी छत्रे, म्हणजे अन्न आणि निवासाची ठिकाणे, बांधली होती. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र सरफोजींनी १८०२ मध्ये, आपल्या प्रिय मुक्तांबेच्या स्मरणार्थ उभारले. दगडी जोत्यावर कोरलेले हत्ती-घोडे जणू रथ ओढत आहेत असा त्याचा दर्शनी भाग. इमारत वयाने थकलेली आहे. आमच्यासारखीच, असे कोणी तरी म्हणाले आणि सगळे हसले.

कंपनीने या छत्रांची उत्पन्ने ताब्यात घेऊ नयेत म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिले. छत्रांत काय काय चालते, याचे त्यात सविस्तर वर्णन आहे. येणाऱ्या प्रत्येकाला, जात न पाहता, अन्न मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असेल तर त्याला बोलावले जाई. प्रत्येक छत्रात वैद्य असत. आजारी यात्रेकरूला औषध आणि पथ्याचे अन्न देऊन, बरा होईपर्यंत आदराने आणि मायेने सांभाळले जाई. तान्ह्या मुलांना दूध मिळे. गरोदर स्त्रीचे बाळंतपण तिथे होई आणि नंतर तीन महिने तिला राहता येई. अनाथ मुलांना शिकवले जाई.

शिक्षक मित्रांनी हे सारे मंडपात बसून सांगितले. अण्णा शेवटपर्यंत ऐकत होते. मग त्यांनी विचारले, “आणि आजाऱ्यासोबत आलेल्याची सोय?” प्रश्न इतक्या हळू आवाजात होता की दोनदा विचारावा लागला. कोणाला लगेच उत्तर सुचले नाही. वैद्य, स्वयंपाकी, वाढपी सगळे छत्राचे असल्यावर सोबत्याला आपोआपच विसावा मिळत असणार, असे ताई म्हणाल्या. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांना इतकी वर्षे वाटत होते की आपला शीण नवऱ्याला दिसत नाही. पार्किन्सनमध्ये चेहऱ्यावरील भाव कमी होतात, त्यामुळे आतली माया बाहेर दिसत नाही. ती नसते असे नाही. काळजी घेणाऱ्यांनी हे एकदा समजून घेतले की पुष्कळ कडूपणा कमी होतो.

ताट, ताल आणि चार तमिळ शब्द

तंजावरकडचे जेवण आपल्याला परके वाटत नाही. तिथल्या ‘डांगर पच्चडी’त आपले डांगर ओळखू येते, पुरणाची ‘पोळी’ नावानिशी भेटते. सांबाराचे नाव संभाजी राजांवरून पडले अशी एक दंतकथाही ऐकायला मिळते. सरफोजींच्या काळातील पाककृतींचा ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी ग्रंथ ग्रंथालयात आहेच.

पचायला हलके म्हणून इडली, डोसा आणि भात यांवर सारा भर दिला तर मधुमेहींची साखर चढते. आम्ही दोन इडल्यांसोबत भरपूर सांबार, भाजी आणि ताक असा मेळ बसवला. फिल्टर कॉफीत साखर आधीच घातलेली असते, म्हणून ‘सक्करै इल्लामल’, म्हणजे साखरेविना, हे शब्द सर्वांनी पाठ केले. ‘वेन्नीर’ म्हणजे गरम पाणी, ‘मरुंदु’ म्हणजे औषध, ‘मरुत्तुवमनै’ म्हणजे रुग्णालय. अण्णांच्या बाबतीत आणखी एक काळजी होती. प्रथिनांनी त्यांच्या औषधाच्या शोषणात अडथळा येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यानुसार गोळी जेवणाआधी अर्धा तास दिली जाई.

तमिळमध्ये थोरल्या भावाला अण्णाच म्हणतात. त्यामुळे आमच्या चालकाला नाव वेगळे शिकावे लागले नाही. गाडीतून उतरताना तो रोज हात पुढे करून म्हणे, “मेदुवा, अण्णा, मेदुवा.” हळू, दादा, हळू. हा पाचवा शब्द आम्हांला न शिकवता आला.

सहाव्या दिवशी कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीचे मोठे मंदिर पाहिले. तमिळ स्त्रीपुरुष आपल्या उच्चारांत मराठी अभंग म्हणत होते. मराठी कीर्तनाने तंजावरच्या हरिकथेला वळण दिले हे वाचले होते. इथे ते कानांनी ऐकले. अण्णांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि मग गाऊ लागले. बोलताना पुटपुटल्यासारखा येणारा त्यांचा आवाज गाताना दोन रांगा पलीकडे ऐकू गेला. वाचाउपचारात गाण्याचा उपयोग करतात, हे ताईंना माहीत होते. वहिनींना ते नवीन होते.

परतल्यानंतर

तिरुचिरापल्लीहून चेन्नईमार्गे आम्ही पुण्याला परतलो. आजार जिथे होता तिथेच आहे. फेब्रुवारीत अण्णांच्या औषधाची मात्रा थोडी वाढवावी लागली. प्रवासाने पार्किन्सन बरा होत नाही आणि तशी अपेक्षाही कोणी ठेवू नये.

बदलले ते आमच्या सोसायटीचे वेळापत्रक. मंगळवारी आणि शुक्रवारी सायंकाळी पाच ते साडेसात आमच्यापैकी एक जण अण्णांकडे जातो. मुलाने रविवारची सकाळ आपल्याकडे घेतली. दगडी सांध्यांसारख्या पट्ट्या त्यानेच बापाच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत चिकटवल्या. वहिनी त्या वेळात कधी नदीकडे चालायला जातात, कधी नुसत्या झोपतात. तिथे काय केले हे आजही कोणी विचारत नाही.

खराडीसारख्या नव्या वस्तीत नातेवाईक दूर असतात आणि शेजारी अनोळखी. अशा ठिकाणी छत्र बांधायला राजा लागत नाही. सात माणसे आणि एक पाळीचा कागद पुरतो.

निघण्यापूर्वी : कुटुंबांसाठी टिपण

• डॉक्टरांकडून आजार, चालू औषधे, मात्रा आणि ॲलर्जी यांचा एक पानी सारांश इंग्रजीत घ्यावा. एक प्रत रुग्णाकडे, एक सोबत्याकडे ठेवावी.

• औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा किमान चार-पाच दिवसांची अधिक घ्यावीत. इन्सुलिन सामानाच्या कक्षात देऊ नये.

• विमानात दर अर्ध्या तासाने घोटे वर-खाली करावेत आणि शक्य असेल तर उठून चालावे. पायांत पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

• रेल्वेने जाणार असल्यास खालच्या बर्थसाठी वयाची नोंद अचूक करावी. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांसाठी त्यात वेगळा कोटा असतो.

• तळमजल्यावरची किंवा लिफ्टजवळची खोली, पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय आणि न्हाणीघरात धरायला आधार आहे का, हे आरक्षणापूर्वी फोन करून विचारावे. रात्री जाग आल्यावर अनोळखी खोलीत पडण्याचा धोका अधिक असतो. छोटा रात्रदिवा सोबत न्यावा.

• झोपेतून किंवा गाडीतून उठताना एकदम उभे राहू नये. मिनिटभर बसून मग उठावे.

• महाराष्ट्राप्रमाणेच तमिळनाडूतही रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक चालतो. निवासाजवळचे रुग्णालय पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे.

• काळजी घेणाऱ्याच्या मोकळ्या वेळाची नोंद कार्यक्रमपत्रिकेत स्पष्ट करावी. लिहिलेली नसेल तर ती वेळ इतर कामांत संपून जाते.